पाठीमागचे हूक

पाठीमागे हूक असलेलं ब्लाउज शिवायची टूम ज्यानं कोणी काढली, त्याच्या घरात कधी बाळंतीण नसावी. असली तरी त्यानं तिच्याकडे धड बघितलेलं नसावं. मी हे रागानं लिहितेय, आणि राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझी लेक बाळंतपणाला माझ्याकडे पिंप्राळ्याला आलेली. मुलगी झाली. सव्वा महिना होतो न होतो, तोच धुळ्याला तिच्या दिराचं लग्न निघालं. मी आपली धरून चाललेली, की बाळंतीण आहे, जाईल, अक्षता टाकेल, जेवून येईल. पण तिला सासरे नाहीत. नवऱ्या मुलाचे वडील नसले, की देवकाच्या पूजेला थोरला भाऊ आणि त्याची बायको जोडीनं बसतात. म्हणजे आमचे जावई आणि आमची लेक. आता नाही कसं म्हणणार? आणि खरं सांगू का, तिलाच जायचं होतं. सातव्या महिन्यापासून गाऊन एके गाऊन. आरशासमोर उभी राहून म्हणायची, "आई, एक दिवस तरी माणसासारखं नटू दे गं मला."

लग्नाच्या आधी तिच्या नणंदेचा फोन आला. घरातल्या सगळ्या बायकांना एकसारख्या हिरव्या साड्या घेतल्या होत्या. "मावशी, ब्लाउजची काळजी करू नका. वहिनीचं जुनं ब्लाउज कपाटातून काढून मापाला देऊन टाकलं."

मी म्हटलं, "जुनं म्हणजे कधीचं गं?"

"तिच्या लग्नातलं. काय मस्त फिटिंग आहे त्याचं!"

आता बोला. मी तिला म्हटलं, बाई गं, ती अंगावर पाजते, माप आता ते राहिलं नाही, आणि निदान हूक तरी पुढे लावायला सांग. तर म्हणे, "पुढे हूक आता कोणी लावत नाही मावशी. फोटोत कसंतरीच दिसतं." मी लेकीकडे बघितलं. ती मान हलवून म्हणाली, राहू दे, तिकडे बघू. शिंप्याकडे माप द्यायला बाईऐवजी तिचं जुनं ब्लाउज पाठवायची आपली रीत. एरवी चालते. पण मध्ये बाळंतपण होऊन गेलंय, हे घरात एकीच्याही डोक्यात येऊ नये?

सोनगीरच्या बाजूला हायवेवर लॉन घेतलं होतं. तिथली एक खोली बायकांना नटायला. आम्ही पोचलो, तशी पार्लरच्या मुलीनं लेकीला खुर्चीत बसवलं आणि आधी केसच हातात घेतले. कान झाकायला बांधलेला रुमाल सोडून बाजूला टाकला. मी म्हटलं, वारं लागेल. कोण ऐकतं! पण जुडा सुंदर घातला हो, खोटं कशाला बोलू. भोवती मोगऱ्याचा गजरा, मधे सोन्याचं फूल. लेक हातातल्या आरशात मागचं बघून बघून हसत होती. किती दिवसांनी हसली असेल!

मग ब्लाउज आलं. पॅड लावलेलं, मागे गळा खोल, दोरीला गोंडे. हात कसेबसे गेले. मागे मात्र दोन्ही बाजूंमध्ये वीतभर अंतर. नणंद एका बाजूनं ओढतेय, पार्लरवाली दुसऱ्या बाजूनं.

"वहिनी, श्वास आत घ्या. अजून. अजून थोडा."

"अगं, घेतलाय!"

"मावशी, हे पोटाला काय गुंडाळलंय? त्यानंच जाड दिसतेय ती."

ते मी गुंडाळलं होतं. जुनं मऊ सुती लुगडं फाडून, पोट बांधायला. मी म्हटलं, "त्याला हात लावायचा नाही. जाड दिसत नाहीये ती, तिला मूल झालंय." शिलाई उसवावी म्हणून मी ब्लाउज उलटून बघितलं, तर आत दोऱ्याइतकंही कापड शिल्लक ठेवलेलं नाही.

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. बाटली ते तोंडात धरत नाही. त्याच्या रडण्याबरोबर इकडे दूध उतरलं आणि नव्या हिरव्या कापडावर ओला डाग पसरला. दारातून जावई विचारतात, "झालं का? थोडं ॲडजस्ट कर ना." त्यांच्या मागून विहीणबाई त्यांच्या अहिराणीत, "इहीनबाई, भटजी बठेल शेतस. आते कितला येळ?"

माझ्या पिशवीत लेकीचं घरातलं लाल सुती ब्लाउज होतं, पुढे हूक असलेलं. मी ते काढलं. नणंद किंचाळलीच, "हिरव्यावर लाल?" तिचं मी मनावर घेतलं नसतं. पण लेकच म्हणाली, "नको आई. बाळ झाल्यापासून तेच घालतेय. मला हेच घालायचंय," आणि काजळासकट रडायला लागली. मला तिचाही राग आला. बाळ उपाशी, भटजी खोळंबलेले, आणि हिला गोंड्यांचं पडलंय! मग वाटलं, का पडू नये?

बाळाला पाजताना तीच शांत झाली. म्हणाली, "मागचे हूक लावूच नको. नुसती वरची दोरी बांध. पुढून सैल राहील, पूजेत पाजताही येईल. डोक्यावरून पदर घेते."

"आणि जुडा?" पार्लरवाली म्हणाली.

लेकीनं पदर जुड्यावरून पुढे ओढला.

पूजेला ती पदर घेऊन बसली, दोन्ही खांदे, पाठ, सगळं झाकून. मी तिच्या मागे पदराचा काठ मुठीत धरून. समोर हा एवढा कूलर! दर झोताला मी काठ आणखी घट्ट धरतेय. मध्येच बाळाला पदराच्या आत घेऊन तिनं पाजलं, कुणाला कळलं नाही. आणि विहीणबाई पाहुण्यांना थोरल्या सुनेचं कौतुक सांगतायत, "मनी मोठी वहू देखा! इतली शिकेल शे, तरी डोकावर पदर लेस." बायका माना डोलावतायत. मघाशी हिरव्यावर लाल म्हणून किंचाळलेली नणंदही म्हणाली, "वहिनी किती सोज्वळ दिसतेय ना!" मला असा संताप आला, वाटलं सोडावा काठ आणि दाखवावं सगळ्यांना.

नाही सोडला. 

पूजा झाल्यावर आम्ही खोलीत आलो. लेक मोबाइलवर आलेले फोटो बघत होती. बघता बघता थांबली. "आई, माझा जुडा एकाही फोटोत नाही गं."

मी दार लावलं, मोबाइल तिच्या हातातून घेतला आणि म्हटलं, "वळ तिकडे."

तिनं पदर खाली टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. मोगरा थोडा दबला होता, तरी जुडा जागचा हलला नव्हता. खाली दोरी, दोरीचे गोंडे, त्याखाली सताड उघडे हूक आणि माझ्या लुगड्याची पट्टी.

"हे सगळं येतंय गं मागचं," मी म्हटलं.

"येऊ दे," ती म्हणाली. "काढ तू."