डबक्यावरचं जळकं ऑइल

समुद्र बघायचा तर आमच्या शहरातून अख्खी रात्र एसटीत काढावी लागते. त्यामुळे टीव्हीवर कुठलंसं जहाज फुटून तेल सांडलं, काळे झालेले पक्षी वाळूत धडपडताना दिसले, की मी जेवता जेवता जहाजवाल्यांना यथेच्छ शिव्या घालायची. शिव्या घालायला आपलं काय जातं?

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, हर्सूल तलावाच्या काठानं फिरताना मला टिबुकली सापडली. मुठीएवढा पाणपक्षी, माणूस दिसला की बुडी मारून लांब कुठंतरी वर निघणारा. ही मात्र चिखलात बसून होती. हात लावला तरी हलली नाही. पिसं एकमेकांना चिकटलेली, आणि माझ्या बोटांना गॅरेजचा वास. नाला तलावाला मिळतो तिथं पाण्यावर निळा-जांभळा तवंग पसरला होता.

तिला ओढणीत गुंडाळून घरी आणलं. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून तीनदा धुतलं. तिन्ही वेळा पाणी काळंच निघालं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ऑइलनं पिसं चिकटली की आत पाणी शिरतं, अंगातली ऊब जाते, आणि चोचीनं पिसं साफ करता करता तेच विष पोटात जातं. ऊब द्या आणि वाट बघा. मी तिला खोक्यात बल्बखाली ठेवलं. ती जगावी एवढंच डोक्यात होतं.

आणि राग. नाल्याच्या वरच्या अंगाला गॅरेज एकच. तडक तिथं गेले. माझी स्कूटी वर्षानुवर्षं दुरुस्त करणारे मेकॅनिक चाचा स्टुलावर चहा पीत होते. मी बसलेही नाही. नाल्यात ऑइल सोडता, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा, असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "ताई, एक थेंब नाय सोडत मी. पूरा ड्रम भरतो, भंगारवाला घेऊन जातो. या, बघा."

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणत मी ड्रम बघायला गेले. झाकण घट्ट, खाली जमीन कोरडी.

"नाल्यात गेलं ते तुमच्या कॉलनीमागच्या डबक्यातलं," चाचा म्हणाले. "तिथले लोक माझ्याकडून जळक्या ऑइलचे डबे भरून नेतात ना, डास मारायला. परवा लई पाऊस झाला, डबक्याची कड फुटली, सगळं नाल्यात वाहिलं. तुम्ही पण नेला होता. पांढरा डबा."

नेला होता. पाइपलाइनसाठी कॉलनीच्या मागं खणलेला खड्डा तसाच सोडलेला, त्यात पाणी साचलेलं, आणि माझी नात डेंग्यूनं आठ दिवस दवाखान्यात. साचलेल्या पाण्यावर गाडीतून काढलेलं जळकं ऑइल ओतलं की डास मरतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. तो काळा थर पसरताना बघून मला बरं वाटलं होतं. चाचांनी मला पाणी दिलं. ते पिऊन मी माफी न मागताच निघाले.

घरी आले तेव्हा टिबुकली मान पिसांत खुपसून पडली होती. बल्ब चालू होता, ती गार झाली होती.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर सगळं लिहिलं, माझ्या डब्यासकट. उत्तर आलं, "ताई, पक्षी मोठे की लेकरं? तुमची नात बरी झाली म्हणून हे सुचतंय." खाली अंगठ्यांची रांग. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पक्षी की लेकरं, हा प्रश्न आणला कुठून? खड्डा का उघडा आहे, हे एकानंही विचारलं नाही. तीन महिने मीही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बांधकामावरून मुरूम मागितला आणि घमेल्यानं खड्ड्यात टाकायला लागले. पाणी वाहून गेल्यावर तळाला घोट्याएवढंच उरलं होतं. गॅलऱ्यांतून बघणारे पुष्कळ, खाली कुणी उतरलं नाही. गॅरेज उघडायला निघालेले चाचा मला बघून फावडं घेऊन आले.

"चाचा, काल मी चुकले," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले, आणि मुरूम ओढायला लागले.

नऊच्या आत खड्डा बुजला. एवढंच काम होतं. त्यासाठी आम्ही अख्खा पावसाळा ऑइलचे डबे वाहिले.