पाच नंबरचा उजवा मोजा

गोदलीव वेर्मेश कपडे धुवायच्या आधी ते वाचते. हे वाक्य माझ्या वहीत सोळा ऑगस्टच्या पानावर आहे, मारियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. आमचा वालकेर्कचा फुटबॉल संघ सव्वीस वर्षांनी लीग टूमध्ये, म्हणजे देशातल्या दुसऱ्या श्रेणीत, चढला होता, आदल्या संध्याकाळी पहिलाच सामना घरच्या मैदानावर हरलाही होता, आणि चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून मी गोदलीवला घड्या घालायला मदत करायला गेले होते.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली तिची खोली आहे. दोन मोठी यंत्रं, एक दगडी हौद, आणि बिटाच्या साखर कारखान्यातून आणलेलं लांबच लांब टेबल. दुसरी कोणी असती तर सगळं यंत्रात कोंबून मोकळी झाली असती. गोदलीव तसं करत नाही. ती नंबराप्रमाणे एकेक जोड टेबलावर मांडते. वर निळी जर्सी, खाली पांढरी चड्डी, त्याखाली पांढरे मोजे, जणू माणसंच ओळीनं उताणी झोपलीयत. मग चष्मा चढवून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जाते. चौतीस हंगाम ती हे करतेय. तिचं वय अडुसष्ट. पोरं तिला 'मेमे' म्हणतात, म्हणजे आजी.

"हा आठ नंबर बघ," ती त्या दिवशी म्हणाली.

"काय बघू? चिखल आहे."

"कुठे आहे?"

"पाठीला."

"फक्त पाठीला. म्हणजे दुसऱ्यानं पाडलं म्हणून पडला. स्वतःहून एकदाही झेपावला नाही. भितोय लेकरू. वरच्या श्रेणीतली माणसं दांडगी वाटतायत त्याला."

"आणि हे तू प्रशिक्षकाला सांगत नाहीस?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "रेजीन, फादर तुझं पापनिवेदन ऐकतात, ते बाजारात सांगतात का?"

"माझी पापं ऐकायला बाजार जमायचा नाही."

"मग झालं तर. या खोलीतलं दाराबाहेर न्यायचं नाही. तुझ्या त्या वहीतसुद्धा नाही."

वहीतल्या त्या एका वाक्यापलीकडे मी काही नेलं नाही. आज लिहितेय ते तिला विचारून, आणि ज्याच्याबद्दल आहे त्यालाही विचारून.

हंगाम वाईट चालला होता. लीग टूमध्ये अठरा संघ. तळाचे दोन थेट खाली जातात आणि त्यांच्या वरच्याला जीव वाचवायला आणखी सामने खेळावे लागतात. नोव्हेंबरात सर्व संतांच्या सणाला आम्ही सतरावे होतो, नाताळाला सोळावे. माझे यजमान जर्मां दर सामन्यानंतर कोट खुंटीला लावताना म्हणायचे, "तुझ्या देवाला सांग, आम्हाला गोल नको, निदान शिट्टीवाल्याला चष्मा दे." मी मेणबत्ती लावायची ती लावतच होते.

फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणाचे क्रेप, म्हणजे गोड धिरडी, खाऊन झाल्यावरच्या आठवड्यात, टेबलाशी चालता चालता गोदलीव पाच नंबरापाशी थांबली. पाच नंबर म्हणजे आमचा कर्णधार एलुआ. आमच्याच गावचा, वय तेहतीस, बचावाच्या मधोमध भिंतीसारखा उभा राहणारा. याच मैदानाच्या कुंपणावरून उड्या मारत तो मोठा झाला. त्याचा करार जूनमध्ये संपणार होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

गोदलीवनं त्याची चड्डी उलटीपालटी केली. मोजे उचलून खिडकीपाशी नेले. डावा मोजा काळाकुट्ट, आमच्याकडची चिकणमाती अशी की ब्रश झिजतो. उजवा गुडघ्याखालपर्यंत स्वच्छ. चड्डीचंही तेच. डावी बाजू माखलेली, उजवी कोरी.

"योगायोग असेल," मी म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

पुढच्या सामन्यानंतर तेच. त्याच्या पुढच्याही. चौथ्या खेपेला तिनं उजवा मोजा नाकाशी नेला आणि माझ्या हातात दिला. कापराच्या मलमाचा वास होता. दहा हजार लोक दर आठवड्याला त्या माणसाकडे डोळे लावून बसत होते, डॉक्टर होते, प्रशिक्षक होते, टीव्हीवाले होते. कोणाला काही दिसलं नव्हतं. एका म्हातारीला एका मोज्यावरून दिसलं होतं की तो उजव्या गुडघ्यावर भार देत नाही, उजवीकडे पडत नाही, आणि हे सगळ्यांपासून लपवतोय.

"आता तरी सांग प्रशिक्षकाला," मी म्हणाले. "गुडघा कायमचा जाईल त्याचा."

तिनं मोजा माझ्याकडून घेऊन जागेवर ठेवला. चिकोरीची कॉफी ओतली, माझ्यापुढे ठेवली, स्वतः प्यायली नाही.

"एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली. अकरा नंबर होता, आदेलिनो. मूळचा पोर्तुगीज, राहायला रूबे शहरात. त्याचे कपडे नेहमी साफ. ओले असायचे, पण ओले तर सगळ्यांचेच असतात, घामानं. चिखलाचा ठिपका नाही. मला वाटलं, हा खेळतच नाही, नुसता चालतो. तेव्हाच्या प्रशिक्षकाला मी म्हणाले, अकराचं धुणं मला धुवावंच लागत नाही. हसत म्हणाले. त्यानं त्याला संघातून काढलं."

"आणि?"

"जायच्या दिवशी तो माझा निरोप घ्यायला आला. म्हणाला, मेमे, माझी आई इस्पितळाच्या चादरी धुते. बाईमाणसापुढे घाण कपडे टाकायची मला लाज वाटते, म्हणून मी न्हाणीघरातच चिखल काढून टाकायचो." तिनं टेबलावरची अदृश्य सुरकुती हातानं सरळ केली. "त्याला कळलंही नाही की मीच त्याला घालवलं. मी सांगितलं नाही. पुढे तो कुठे खेळल्याचं ऐकलं नाही."

दर रविवारी गोदलीव दोन मेणबत्त्या लावते. एक तिच्या गेलेल्या नवऱ्यासाठी. दुसरी कोणासाठी, हे मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सरत आला. आम्ही चौदाव्या क्रमांकावर सरकलो होतो, तेही एलुआच्या जोरावर. मिस्सेत गोदलीवचं 'आमेन' एक क्षण उशिरा यायला लागलं. झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या पायरीवर तिनं माझा दंड धरला.

"माझी चूक बोलण्याची नव्हती, रेजीन. मी दुसऱ्याला बोलले. त्याला विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं एलुआला बोलावून घेतलं. मी घड्या घालत होते. उठायला लागले तर तिनं डोळ्यांनीच बस म्हटलं.

एलुआ दारात वाकून आत आला. "काय मेमे? जर्सी आटवलीत की काय माझी?"

"बाही वर कर."

टेबलावर त्याचाच जोड मांडलेला होता, न धुतलेला. तिनं त्याच्या हातात साबणाची वडी आणि ब्रश दिला. "आज तूच धू. मोज्यांपासून."

तो हसला. डावा मोजा घेऊन हौदाशी बसला, बसताना उजवा पाय लांब पसरून. घासघास घासला. पाणी काळं झालं. मग उजवा मोजा हातात घेतला, ब्रश उचलला, आणि तसाच थांबला. घासायला काहीच नव्हतं. त्यानं मोजा उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"कधीपासून दिसतंय?" त्यानं विचारलं.

"फेब्रुवारीपासून."

"कोणाला सांगितलंत?"

"तुला. आत्ता."

एवढा दांडगा माणूस, हौदाच्या कडेला कपाळ टेकून रडला. म्हणाला, करार संपतोय, आता दुखणं दाखवलं तर मला कोण ठेवेल? गोदलीवनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही की समजूत घातली नाही. ती फक्त म्हणाली, "ते मला नाही ठाऊक, बाळा. मला कपडे कळतात. पुढचं तू ठरव. मी दार लावून घेईन."

त्या गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्या आठवणीत, फादरांनी रिवाजाप्रमाणे बारा जणांचे पाय धुतले, तेव्हा मला सारखा तो हौद दिसत होता.

एलुआ स्वतः प्रशिक्षकाकडे गेला. तपासणीत गुडघ्यातली कूर्चा फाटलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आता थांबला तर शस्त्रक्रिया होऊन खेळेल, आणखी महिनाभर खेळला असता तर काठी घेऊन चालला असता.

त्याच्याशिवाय सहा सामने उरले होते. पहिल्या पाचांतले चार आम्ही हरलो. बेकरीत पावासाठी रांगेत उभं राहणं नको झालं.

"ऐन वेळी बरा गुडघा दुखला कर्णधाराचा!"

"पगाराच्या दिवशी नाही दुखत वाटतं."

गोदलीव पाव घ्यायची, सुटे पैसे मोजून ठेवायची आणि "येते हं" म्हणून निघायची. एकदा फक्त रस्त्यात म्हणाली, "खाली गेलो तर ते माझ्यामुळे. सव्वीस वर्षांनी वर आलो होतो." मी म्हणाले, देवाला माहीत आहे. ती म्हणाली, "देवाला आहे गं. बेकरीला नाही."

शेवटचा सामना मेमध्ये, घरच्या मैदानावर. हरलो तर खाली, बरोबरी झाली तरी वाचलो. पाऊण तास उरला असताना एक गोल अंगावर होता. एलुआ कुबड्यांवर रेषेशी उभा राहून घसा फोडत होता. गोदलीव तिच्या खोलीतच होती. ती सामने बघत नाही, पायऱ्यांवरच्या पावलांवरून ओळखते. शेवटच्या तीन मिनिटांत उजवीकडून चेंडू उंच आला आणि आठ नंबर, तोच ऑगस्टमधला भित्रा, पालथा झेपावला. डोक्याला लागून चेंडू जाळ्यात. वरच्या पायऱ्या अशा हादरल्या की हौदातलं पाणी सांडलं, असं ती सांगते.

दुसऱ्या दिवशी टेबलावर आठ नंबरची जर्सी छातीपासून पोटापर्यंत हिरवी होती. गोदलीव डाग काढायच्या आधी बराच वेळ त्या जर्सीकडे बघत राहिली.

प्रशिक्षकानं हट्ट धरून एलुआला आणखी एक वर्ष ठेवून घेतलं. जूनमध्ये गोदलीवनं रूबेच्या पत्त्यावर एक पत्र टाकलं. वीस वर्षं जुना पत्ता, तिनं जपून ठेवलेला. उत्तर अजून आलेलं नाही. दुसरी मेणबत्ती चालूच आहे.

आणि परवा, नव्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला, पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर गोदलीवनं सगळं मांडून ठेवलं होतं आणि ती पाच नंबरापाशी खुर्ची घेऊन बसली होती. मला बघून बाजूला सरली.

दोन्ही मोजे सारखेच काळे होते. उजव्या मोज्याची तर मूळ पांढरी वीणसुद्धा दिसत नव्हती, आणि चड्डीच्या उजव्या अंगाला गवतासकट ढेकूळ चिकटलं होतं. मी नकळत क्रूसाची खूण केली.

"आता हे निघायला दुपार होणार," गोदलीव म्हणाली, आणि तिनं बाह्या वर केल्या.