पल्लवीच्या नावाचा नारळ

धाकट्या भावाच्या मुलीचं वाईट व्हावं असं मारुतीकडे मागायला मी निघालो होतो. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून लिहिण्यात अर्थ नाही.

माझी गौरी आणि भावाची पल्लवी, दोघी गंगापूरजवळ गोदावरीत एकाच प्रशिक्षकाकडे शिकल्या. एक गुडघा टेकून, एकाच वल्ह्यानं अरुंद होडी दोनशे मीटर पळवायची. आशियाई स्पर्धेच्या निवडचाचणीत पल्लवीला ५१.३२ सेकंद लागले, गौरीला ५१.७०. अडतीस शतांश. गौरी राखीव राहिली. भावानं पेढे आणले तेव्हा मी हसून घेतले आणि कपाटात ठेवून दिले. तीन वर्षं रोज पहाटे मीच दोघींना माझ्या गाडीतून नदीवर नेत होतो. हा हिशेब मनातून जाईना. पल्लवी आजारी पडली किंवा तिचा खांदा दुखावला, तर गौरी जाईल. एवढंच मागायचं होतं.

शनिवारी सकाळी शहरातून खुलताबादच्या मारुतीला पायी निघालो. पडेगावला टाच सोलली, म्हणून रस्त्याकडेच्या एका झोपडीसमोर बसलो. मेंढरं हाकणाऱ्या म्हातारीनं पाणी दिलं.

"मारुतीला का? कुणासाठी?"

"पोरीसाठी. होडीच्या शर्यतीला परदेशी जायचंय."

"आगं बया! होडीत बसून इमानात चालली व्हय!" ती खळखळून हसली. आतून नारळ घेऊन आली. "माझ्या गुडघ्यानं आता चालणं होत नाय. माझा बी नारळ न्या. मला काय मागायचं? मेंढरं हायत, नातू हाय. त्या पोरीच्याच नावानं फोडा. नाव काय तिचं?"

"पल्लवी," मी म्हणालो.

गौरी म्हणायचं होतं. तोंडातून ते का आलं, मला आजही सांगता येत नाही. ती दोनदा तेच नाव पुटपुटली आणि मेंढरांमागे गेली.

आमच्याकडे दुसऱ्यानं दिलेला नारळ त्यानं सांगितलेल्या नावानंच फोडतात. त्यात फिरवाफिरव चालत नाही. देवळात मारुतीच्या निजलेल्या मूर्तीपुढे आधी तोच फोडला, पल्लवीचं नाव घेऊन. मग माझा हातात घेतला, तर जे मागायला आलो होतो ते ओठावर येईना. एकाच पोरीसाठी एका नारळानं चांगलं आणि दुसऱ्यानं वाईट कसं मागणार? काही न मागताच फोडला. डोळ्यांतून पाणी आलं.

जायच्या दिवशी पल्लवी पाया पडली. "मोठे पप्पा, मारुतीला जाऊन आलात म्हणे. माझ्यासाठी काही मागितलंत का?"

"नारळ फोडला तुझ्या नावानं," मी म्हणालो.

ती अंतिम फेरीत सहावी आली. शर्यत बघताना गौरी मोबाईलसमोर तिच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडली. मला तेव्हाही आत थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू. पण ती निघाली त्या दिवशी पल्लवीच्या डोळ्यांत बघून मी खरं उत्तर देऊ शकलो. ते माझ्या चांगुलपणानं झालं नाही. माझ्याकडून त्या मारुतीनं ते करून घेतलं. ज्यानं करून घेतलं, त्याच्यावर आता गौरीचं पुढचंही सोपवलं आहे.