चावडीत बसून मारलेला शेरा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं.

काल ग्रामपंचायतीसमोर दोन संस्थांनी मिळून भटक्यांसाठी दाखल्यांचं शिबिर भरवलं होतं. पारध्यांच्या पालावरच्या शेवंताने आधी दोन्ही हात पदराला पुसले, मगच रहिवासी दाखला घेतला.

मी तलाठी असताना तिच्या आईचा, सखूबाईंचा, हाच अर्ज माझ्याकडे आला होता. पालावर न जाताच, चावडीत बसून मी शेरा मारला: ‘चौकशी केली, गावात राहत नाही.’ त्या रोज चावडीवरूनच पाणी नेत. माणूस डोळ्यांसमोर असला तरी आम्ही कागदालाच खरं मानत आलो.

“तात्या, काय लिवलंय, वाचा की!” शेवंता म्हणाली.

“या गावच्या कायम रहिवासी आहेत.”

“आता कुनी हुसकू दे, ह्योच दावते!” ती हसली. मलाही कितीतरी हलकं वाटलं, आणि बोलून गेलो, “तुझ्या आईचा अर्ज मीच अडवला होता.”

“ठावं हाय. मरंस्तवर आय म्हनायची, तात्याला पालाची वाट ठावं नसंल.”

वाट ठाऊक होती, सखूबाई. मला माफ करा.