खिशातला रेग्युलेटर

कापसानं पार दगा दिला त्या वर्षी फुलसावंगीकडच्या एका मालकानं वावरात दोन खोल्या बांधल्या आणि पुसदच्या आमच्यासारख्या नोकरदारांना सुट्टीपुरत्या द्यायला लागला. सैपाक ज्याचा त्यानं करायचा. रखवालदार किल्ली द्यायचा, गॅस दाखवायचा आणि "तुमचं तुमी पाहा" म्हणून बांधावर जाऊन बसायचा. आमचा चहासुद्धा त्यानं कधी घेतला नाही. मला त्याचा थोडा रागच यायचा.

एका सकाळी आम्ही वांगी चिरून ठेवली, तर गॅसचा रेग्युलेटर गायब. रखवालदारानंच काढून खिशात घातला होता!

"हा काय प्रकार?" मी आवाज चढवला.

त्यानं कापसाच्या पऱ्हाटीपलीकडच्या घराकडे बोट केलं. "तिथं मयत झाली. मानूस उचलेपर्यंत इथं कोनी चूल पेटवत नाही."

आम्ही चिवड्यावर दिवस काढला. दिवेलागणीला तो आंघोळ करून आला, रेग्युलेटर बसवला आणि मोठं पातेलं काढून दिलं.

"खिचडी टाका. त्यायच्या घरची बी टाका."

पातेलं डोक्यावर घेऊन तो निघाला. मी आणि बायको ताटल्या घेऊन मागोमाग गेलो. अंगणात कुणीतरी विचारलं, "हे कोन?"

"शेजारी हायेत," तो म्हणाला.