जॉबरमामांची रेकॉर्ड

जॉबरमामा डोळे मिटून ऐकायचे. कारखान्याच्या दारात उभे राहायचे, आत अठ्ठेचाळीस यंत्रमाग एकदम आदळत असायचे आणि मामा सांगायचे, "बारा नंबर खोकतो हाय." बारा नंबर उघडला की काहीतरी सैल निघायचंच. माग दुरुस्त करणाऱ्याला आमच्या भिवंडीत जॉबर म्हणतात. ते माझे सख्खे मामा नव्हते, शेजारी होते; पण गल्लीतल्या सगळ्या पोरांचे कान पिळायचा हक्क त्यांनी परस्पर घेऊन टाकला होता.

दिवसभर तो खडखडाट ऐकून माणूस घरी गप्प बसेल की नाही? मामा हातपाय धुवायचे आणि आपली एकुलती एक रेकॉर्ड लावायचे. बोटीवर नोकरीला असलेल्या मेहुण्यानं परदेशातून आणलेली. गाणारं कोणी नाही, तबला-पेटी नाही, नुसती इलेक्ट्रॉनिक यंत्रं ठेका धरून चाललेली. मामी म्हणायच्या, "कारखाना सुटला, आता घरचा कारखाना चालू." मामांना राग येत नसे. "यो शाना झालेला माग हाय," ते मला समजावायचे, "धोटा चुकत न्हाय, दोरा तुटत न्हाय. आईक." एके ठिकाणी ठेका अचानक गळायचा. तो परत यायचा त्याच क्षणी मामांचं बोट गुडघ्यावर पडायचं.

एका पावसाळ्यात खोलीत पाणी शिरलं. ऊन पडल्यावर मामांनी गाद्यांबरोबर रेकॉर्डही पत्र्यावर वाळत घातली. यंत्रातलं एवढं कळणारा माणूस, पण संध्याकाळपर्यंत तिचा पापड झाला होता.

मी तेव्हा ठाण्याला कॅसेट-सीडीच्या दुकानात कामाला होतो. तिथं एका मासिकात तोच अल्बम दिसला. त्याच्यानंतर नाचाच्या संगीताची तऱ्हाच बदलली, असं लिहिलं होतं, आणि आता तो रेकॉर्डवर पुन्हा निघणार होता. मालकाच्या मागे लागून मी एक मागवली. मामा रोज विचारायचे, "आली का?" मी "नाही" म्हणायचो, ते "काय?" म्हणायचे, मग मी ओरडून सांगायचो. भिवंडीत सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे मला काही वेगळं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मग एक दिवस मामांनी नऊ नंबर ठीक आहे म्हणून सांगितलं आणि त्याच मागाचा, दोरा घेऊन पळणारा धोटा उडून कामगाराच्या खांद्याला लागला. शेटनी मामांना घरी बसवलं. "नजर चुकली," मामा म्हणाले. मामींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्या आत गेल्या.

रेकॉर्ड आली ती थंडीत, एका दुपारी. मामांनी हात धुऊन पुसले, ती लावली आणि डोळे मिटले. गुडघ्यावर बोट चालू झालं. पाचेक मिनिटांत लोडशेडिंग झालं. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले. अशा शांततेनं आमच्याकडे झोपलेली मुलं जागी होतात. रेकॉर्ड हळूहळू मंदावली आणि थांबली.

मामांचं बोट चालूच होतं.

मी मामींकडे बघितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला आणि मानेनंच सांगितलं, बोलू नको. मला रडू येत होतं. "आता बग," मामा म्हणाले. बोट वर थांबलं, मग अलगद खाली आलं.

बऱ्याच वेळानं डोळे न उघडताच ते म्हणाले, "नवी लई साफ हाय. बाजू बदल."

मी थांबलेली रेकॉर्ड उलटी केली आणि तिच्यावर सुई ठेवली.