झोपलेली पेशी

प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते. आज मॅडमनी हाक मारली, "मावशी, या, बघा." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हाडाच्या जाळीत एक ठिपका निवांत पडला होता.

"कॅन्सरची पेशी. छातीतून हाडात येऊन झोपलीय," मॅडम म्हणाल्या.

मी हातातला ट्रे आवाज न करता हळूच टेबलावर ठेवला. मॅडम हसल्या. "अहो, तिला ऐकू येत नाही!"

"मग ती जागी कशानं होते?"

"तेच तर शोधतेय. केस पांढरे झाले माझे. थोडं कळलंय, बरंच राहिलंय."

माझ्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली. मॅडमना ते ठाऊक आहे. कधी नव्हे ते मी विचारलं, "माझ्या हाडांत असेल का अशी?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "असेलही. पण हाडच तिला झोपवून ठेवतं, मावशी. कित्येकांच्या बाबतीत जन्मभर."

इतके दिवस मला वाटायचं, माझं शरीर माझ्यावर उलटलंय. आणि तेच आत कुणाला तरी थोपटत बसलं असेल, मला न सांगता. मी मात्र गुडघे दुखतात म्हणून रोज त्यांच्यावर चिडते. आज घरी आल्यावर पाय लांब करून बसले आणि दोन्ही गुडघ्यांना कोमट तेल लावलं.